आत्ता भार कुणावर आहे? जुन्या पिकअपचे पाटे, बुश आणि शॉकअप घरी बदलताना

टोमॅटोचं भरलेलं कॅरेट साधारण २० किलोचं असतं. ६० कॅरेट चढवले की गाडीवर १,२०० किलो चढले. हौदा मागच्या एक्सलवर येतो, म्हणून यातला बहुतेक भार मागेच पडतो. तो चाकांपर्यंत पोचवतात पोलादी पट्ट्यांचे दोन जुडगे. कुणी त्यांना कमान म्हणतं, कुणी पाटे, कुणी कमानपाटे. हमरस्त्याला लागून एखादं ‘कमान पाटा वर्क्स’ नाही असं बाजाराचं गाव मी तरी पाहिलेलं नाही.

माझी पिकअप १६ वर्षांची आहे. मालवाहू गाडीने आठ वर्षं ओलांडली की पासिंग दरवर्षी करावं लागतं, आणि त्या निमित्ताने का होईना तिच्या पोटाखाली शिरणं होतं. गेल्या वर्षी शिरलो तेव्हा डावीकडचा तिसरा पाटा मधोमध तुटलेला होता, शॅकलच्या बुशचं रबर किसलेल्या खोबऱ्यासारखं बाहेर आलेलं होतं आणि उजवा शॉकअप तेलाने न्हालेला होता. दोन रविवारांत अंगणातच सगळं बदललं. काही वर्षांपूर्वी याच कामात मी एक चूक केली होती, ती पुढे सांगतो.

पाने फिरवणं कुणालाही जमतं. गोंधळ होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. गाडी उचलली, जॅक खाली घेतला, बोल्ट ढिला केला की प्रत्येक वेळी वजन एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर बसतं. त्यामुळे दर पावलाला स्वतःला विचारायचं: आत्ता भार कुणावर आहे? उत्तर येत नसेल तर हात बाहेर काढायचा. पाटे, बुश, शॉकअप यांचं सगळं काम या एका प्रश्नाभोवती फिरतं, म्हणून आधी कोण काय पेलतं ते बघू.

पाटे: एकच जाड का नाही?

बैलगाडीला पाटे नसतात. चाक दगडावर चढलं की साटीही तितकीच वर उचलली जाते. टांग्याला पाटे असतात, कारण त्यात माणसं बसतात. पिकअपचे पाटे हे त्या टांग्याच्याच पाट्यांचे वारस, फक्त अंगाने दणकट.

पण इतक्या पट्ट्या कशाला? एकच जाड पट्टी का नाही? हिरवी फोक कमानीसारखी वाकते, त्याच लांबीचं जाड दांडकं तेवढं वाकवायला गेलं तर मोडतं. पट्टी वाकताना तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी चेपली जाते, आणि जितकी जाडी जास्त तितका वरच्या कातडीवरचा ताण जास्त. यात एक गंमतीचा हिशोब आहे. पट्टीची जाडी दुप्पट केली की तिचा कडकपणा आठपट होतो. म्हणजे दुप्पट जाडीची एक पट्टी जितकी कडक, तितक्याच कडक होतात एकावर एक ठेवलेल्या आठ पातळ पट्ट्या. दोन्हीकडे सारखाच भार टाकला तर दोन्ही सारख्याच वाकतात, पण पातळ पट्ट्यांवरचा ताण निम्मा असतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकण्यासाठी हाच निम्मा ताण कामी येतो.

पट्ट्या खालीखाली आखूड होत जातात, कारण वाकवणारा जोर मध्यावर सगळ्यात जास्त असतो आणि टोकांकडे कमी होत जातो. जिथे जोर जास्त तिथे पट्ट्या जास्त. सगळ्यात खाली बऱ्याच गाड्यांना एक जाड, जवळजवळ सरळ पाटा असतो. गाडी रिकामी असताना तो नुसता बसून असतो. माल भरून वरची कमान चेपली की त्याच्यावर टेकते आणि मग तो कामाला लागतो.

सगळ्यात वरच्या मेन पाट्याची दोन्ही टोकं गोल वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा चासीच्या ब्रॅकेटला पक्का असतो, मागचा शॅकलला टांगलेला. शॅकल म्हणजे हलणाऱ्या दोन पट्ट्या. कमान चेपली की तिची टोकं एकमेकांपासून लांब जातात. दोन्ही टोकं पक्की बांधली तर कमान चेपणारच नाही. त्या लांबण्याला जागा देणं एवढंच शॅकलचं काम. ती गंजून अडकली तर गाडी दगडासारखी आपटते आणि आपण विनाकारण शॉकअपला शिव्या घालतो.

मेन पाटा आणखी एक काम करतो, आणि ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो, चाकं एक्सलला पुढे ढकलतात, आणि एक्सल चासीला ढकलतं ते याच पाट्याच्या पुढच्या डोळ्यातून. ब्रेक मारला की तोच जोर उलटा. म्हणून मेन पाटा पुढच्या अर्ध्यात तुटला तर गाडी नुसती बसत नाही, एक्सलच जागेवरून सरकू शकतं. दुसऱ्या पाट्याचं टोक पुष्कळदा मेन पाट्याच्या डोळ्याभोवती थोडं वळवलेलं असतं ते याचसाठी: वरचा तुटला तर निदान एक्सल निसटू नये.

पाटे एक्सलला धरून ठेवतात यू-बोल्ट. जुडग्याच्या मधल्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात बसतं, म्हणून लोकांना वाटतं की एक्सल तोच धरतो. तो फक्त जागा दाखवतो. धरतात यू-बोल्ट, आवळून. ते ढिले झाले की एक्सलचे सगळे धक्के त्या बारक्या सेंटर बोल्टवर येतात आणि तो कातरला जातो. शिवाय मध्यावर भोक असल्यामुळे पाट्याची तीच जागा सगळ्यात अशक्त असते. आवळलेली पकड गेली की तो तिथेच मोडतो. माझा तिसरा पाटा मधोमध तुटला होता, तेव्हाच कळलं की दोष पाट्याचा कमी आणि मी न तपासलेल्या यू-बोल्टचा जास्त. तुटकी जागा भोकापासून लांब असती तर मी गंज किंवा जास्तीचा माल यांच्याकडे बोट दाखवलं असतं.

शॉकअप भार पेलत नाही

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की गाडी एका बाजूला कलली की लोक आधी शॉकअप बदलतात. कललेली गाडी म्हणजे पाटा बसलेला किंवा तुटलेला. शॉकअपचं काम उसळी जिरवण्याचं. पाटा चेपला की उसळतो, उसळला की परत चेपतो, झोपाळ्यासारखा झुलत राहतो. आता तोच झोपाळा तेलाच्या हौदात बुडालेला आहे असं समजा. एक-दोन हेलकाव्यांत थांबेल. शॉकअपमध्ये दट्ट्या बारीक भोकांतून तेल ढकलतो, त्या कष्टात तेल तापतं आणि झुलण्याची ताकद उष्णता होऊन हवेत जाते. पट्ट्या एकमेकींवर घासूनही थोडी उसळी मरते, पण तेवढ्यावर भागत नाही.

यावरूनच एक साधी तपासणी निघते. आठ-दहा किलोमीटर खराब रस्त्यावरून या आणि दोन्ही बाजूंच्या शॉकअपला हात लावून बघा, बेताने, कारण चांगला शॉकअप चांगलाच तापतो. एक गरम आणि दुसरा गार निघाला तर गार असलेला मेला. कारचा कोपरा दाबून किती वेळा उसळतो ते मोजायची पद्धत रिकाम्या पिकअपच्या मागच्या बाजूला लावू नका. तिथले पाटे इतके कडक असतात की माणसाच्या वजनाने काहीच कळत नाही. अंगावर तेलाचा पुसट ओलावा चालतो. ओघळ आलेला असेल, धूळ चिकटून चिखल झाला असेल, तर बदला. टायरवर थोड्या थोड्या अंतराने खड्डे पडल्यासारखी झीज दिसली तरी संशय शॉकअपवरच घ्यायचा.

आणि बुश. पाट्याच्या डोळ्यात आणि शॅकलमध्ये बसणारी ही नळी. दोन पोलादी नळ्या, मध्ये चिकटवलेलं रबर. आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली असते, बाहेरची डोळ्यात घट्ट बसलेली. म्हणजे डोळा फिरतो तेव्हा काहीही घासत नाही, मधलं रबर फक्त पिळलं जातं. ही गोष्ट मनात नीट बसवून घ्या, पुढे लागणार आहे. काही जुन्या गाड्यांना पितळी बुश असतात. ते खरोखर घासतात, म्हणून त्यांना ग्रीसची निपल असते आणि दर धुण्याला ग्रीस मारावंच लागतं. रबरी बुशला मात्र ग्रीस किंवा तेल लावू नये. साधं रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. बसवताना साबणाचं पाणी वापरा.

कामाला हात घालण्याआधी

सपाट, कडक जमिनीवर, गाडी रिकामी असताना चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवा. दोन बाजूंत बोटभर फरक असेल तर पाटे बोलतायत. हेच आकडे काम झाल्यावर पडताळून बघता येतात.

सामान आणताना जोडीने आणा. एका बाजूला नवा पाटा आणि दुसऱ्या बाजूला १६ वर्षांचा अशी गाडी कधीच सरळ उभी राहत नाही. शॉकअपचंही तेच. यू-बोल्ट आणि त्यांचे नट मात्र हमखास नवे. यू-बोल्ट आवळताना ताणला जातो आणि त्या ताणावरच त्याची पकड असते. एकदा ताणलेला, गंजलेल्या आट्यांचा बोल्ट परत आवळला तर हाताला घट्ट लागतो, पण पकड पूर्ण येत नाही.

आदल्या दिवशी सगळे आटे तारेच्या ब्रशने घासून त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी परत मारा. आमच्याकडे पूर्वी डिझेलचं फडकं गुंडाळून ठेवायचे, त्यानेही बरंच होतं.

पाटे उतरवणं

आता पहिला प्रश्न, आणि यावर कितीतरी जण फसतात. मागची बाजू उचलायची आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, गाडी गिअरमध्ये आहे. मग ती हलेल का? हलेल! हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो आणि मागची चाकं आता हवेत आहेत. गिअरचंही तसंच: एकच मागचं चाक उचललं तर डिफरन्शियलमुळे, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधल्या गोळ्यातल्या, दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे, ते मोकळं फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक गाडीला जाऊ देतं. म्हणजे गाडी धरून ठेवण्याचं काम आता एकट्या पुढच्या चाकांवर आहे, आणि त्यांना धरणारं काही नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, पाचरीच्या आकाराचे लाकडी ठोकळे. आमचे आप्पा अजूनही कुणाचाही जॅक पाहिला की आधी चाकाखाली नजर टाकतात.

चाकांचे नट जमिनीवर असतानाच ढिले करा. मग डिफरन्शियलखाली जॅक लावून गाडी उचला आणि पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या पुढे, दोन्ही बाजूंना, चासीखाली स्टँड लावा. चासीखाली, एक्सलखाली नाही. एक्सलखाली स्टँड लावले तर भार पाट्यांवरच राहतो आणि आपल्याला तर पाटे मोकळे हवेत. विटा, सिमेंटचे ब्लॉक कधीही नकोत. ते दाब सहन करतात, पण एका कोपऱ्यावर भार आला की काही न सांगता फुटतात. काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड दगा देईलच असं नाही, पण दिला तर गाडी चाकावर बसेल, तुमच्या छातीवर नाही.

आता जॅक हळूहळू खाली घ्या. एक्सल खाली लोंबेल, पाट्यांची कमान मोकळी होईल. भार कुणावर आहे? गाडीचा भार स्टँडवर, एक्सलचा थोडा जॅकवर, थोडा पाट्यांवर. शॉकअप पूर्ण ताणला गेला असेल तर एक्सलचा भार त्याच्यावर आला आहे. जॅक बोटभर वर घेऊन त्याचा खालचा बोल्ट काढून टाका. ब्रेकचा रबरी पाइप आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना तेही याच वेळी बघा. नुसत्या ब्रेकच्या पाइपवर एक्सल लोंबकळताना मी पाहिलेलं आहे.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसऱ्या बाजूचे पाटे एक्सलला जागेवर धरून ठेवतात. दोन्ही बाजू एकदम सोडल्या तर एक्सल जॅकवर भोवऱ्यासारखं डुलतं.

यू-बोल्टचे नट सुटले तर उत्तम, नाहीतर सरळ ग्राइंडरने कापा, तसेही ते फेकायचेच आहेत. फक्त ठिणग्या डिझेलच्या टाकीकडे, ब्रेकच्या पाइपकडे आणि तुमच्या डोळ्यांकडे उडणार नाहीत असं बघा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पुढच्या डोळ्याच्या बोल्टवर. नट सुटतो, डोकं फिरतं, आणि बोल्ट काही बाहेर येत नाही. कारण तो बुशच्या आतल्या पोलादी नळीत गंजून एकजीव झालेला असतो. आपण फिरवतो तेव्हा नळी आणि रबरही सोबत फिरतात. माझी अख्खी दुपार इथे गेली. इथे गॅसची ज्योत लावायचा मोह होतो. टाकी आणि पाइप जवळ असताना तो टाळा. रबरही पेटतं आणि त्याचा धूर विषारी असतो. त्यापेक्षा ब्रॅकेट आणि डोळा यांच्यामधल्या फटीत करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापा. बुशही जातं, बोल्टही जातो, दोन्ही नवे आहेतच. कापताना ब्रॅकेटला ओरखडा येऊ देऊ नका, कारण तेवढा एक तुकडा जुनाच राहणार आहे.

जुडगं तीसेक किलोचं असू शकतं. झोपलेल्या माणसाने एकट्याने झेलायची ती वस्तू नव्हे, दुसरं कुणीतरी हवं.

बुश बसवायला प्रेस लागतो असं गॅरेजवाले सांगतात. घरी तो असा होतो: एक लांब, जाड आटेदार दांडा, दोन नट, जाड वॉशर आणि बुशच्या बाहेरच्या नळीपेक्षा किंचित मोठ्या तोंडाचा पाइपचा तुकडा. नट आवळत गेलात की बुश सरळ डोळ्यात शिरतो. घणाने ठोकून बसवलेला बुश एका बाजूने चेमटतो. जुना बुश निघत नसेल तर आधी रबर ड्रिलने पोखरून काढा, मग उरलेल्या बाहेरच्या नळीला आतून करवतीच्या पात्याने एक चीर द्या. चीर पडली की तिचा ताण संपतो आणि ती छिन्नीच्या दोन ठोक्यांत निघते. चीर नळीपुरतीच ठेवा. पाट्याच्या डोळ्यावर ओरखडा पडला तर पुढे तिथूनच तडा जातो.

नवा जुडगा लावताना दिशा बघा. पुष्कळ गाड्यांत सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर नसतो, पुढचा भाग आखूड आणि मागचा लांब असतो. उलटा बसवला तर एक्सलच पुढे-मागे होतं. जुना काढतानाच त्यावर खडूने ‘पुढे’ लिहा आणि नवा शेजारी ठेवून ताडून घ्या. आधी पुढचा डोळा, मग शॅकल, बोल्ट हाताने फिरतील तितकेच. मग जॅकने एक्सल वर घेत सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या भोकात बरोबर बसवा. बोट घालून तपासा, अंदाजाने नको. यू-बोल्ट घाला, चारही नट आलटून पालटून, समोरासमोरचे, सारखे वर येतील असे आवळा.

माझी चूक

डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट शेवटचे आवळायचे कधी? मी त्या वेळी गाडी स्टँडवर असतानाच पाइप लावून कचकचून आवळले होते. काम झालं म्हणून गाडी खाली घेतली. चार महिन्यांत नवे बुश फाटले. दुकानदाराने खोटा माल दिला असं म्हणत मी फिरत होतो.

कारण बुशमध्ये काहीच घासत नाही, रबर पिळलं जातं, हे वर आलंच आहे. स्टँडवर पाटे मोकळे लोंबत होते, डोळ्यांचा कोन वेगळा होता. त्या कोनात बोल्ट आवळल्यामुळे आतली नळी तिथेच जखडली गेली. गाडी जमिनीवर आली, कमान चेपली, डोळे फिरले आणि रबर उभ्या उभ्या पिळलं गेलं. गाडी नुसती अंगणात उभी असतानाही. त्यावर माल भरला की पीळ दुप्पट. म्हणून बोल्ट हाताने लावायचे, चाकं चढवायची, गाडी जमिनीवर आणायची, थोडी पुढे-मागे ढकलायची, आणि सगळा भार पाट्यांवर आल्यावरच गाडीखाली शिरून बोल्ट आवळायचे. पुढच्या आर्मच्या, म्हणजे पुढचं चाक चासीला जोडणाऱ्या हलत्या दांड्याच्या, रबरी बुशलाही हाच नियम.

यू-बोल्टही शेवटचे इथेच आवळायचे, शक्य असेल तर टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने. आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, तो आट्यांच्या मापावर बदलतो. अंदाज यावा म्हणून: १०० न्यूटन-मीटर म्हणजे अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर. पान्याला मीटरभर पाइप लावून लोंबकळणारा माणूस त्याच्या कितीतरी पुढे जातो आणि त्याला ते कळतही नाही.

नवे शॉकअप लावण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि सोडा. दुकानात आडवे पडून आत गेलेली हवा वर निघते. शॉकअप गॅसचे असतील तर त्यांना दाबून बांधलेली पट्टी कापताच आपोआप उघडतात, तोंड जवळ नको.

एक पाटा जास्तीचा टाकू का?

हा प्रश्न मला जितका विचारला जातो तितका दुसरा कुठलाच नाही. टाकला की गाडी बसत नाही हे खरं. पण एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी होते तेवढेच राहतात. रिकामी गाडी दगडासारखी उड्या मारते ते वेगळंच. शिवाय बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सल आणि चासीमध्ये एक दांडा जोडलेला असतो. तो ब्रेकच्या व्हॉल्व्हला सांगतो की गाडी किती बसली आहे, म्हणजे किती भरली आहे. रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होऊ नयेत म्हणून गाडी उंच असताना व्हॉल्व्ह मागचा ब्रेक कमी ठेवतो. तुम्ही पाटा वाढवला, गाडी माल भरूनही उंच राहिली, की व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक अपुरा मिळतो. घाटात उतरताना हे कळणं फार उशिरा कळणं आहे. नोंदलेल्या वजनापेक्षा जास्त भरल्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा आहे, हेही हिशोबात धरा.

तुटलेला पाटा वेल्डिंग करून घेऊ नका. पाट्याचं पोलाद तापवून, तेलात विझवून, परत बेताने तापवून त्याला स्प्रिंगपणा दिलेला असतो. वेल्डिंगची उष्णता तो स्प्रिंगपणा तिथल्या तिथे मारते. बसलेले पाटे गार असतानाच ठोकून कमान वाढवून देतात, त्याने एखादा हंगाम निघतो. फार अपेक्षा ठेवू नये.

पुढची बाजू: कुठे थांबायचं

पुढे हेच धाडस करू नका, निदान पहिल्यांदा नको. पुढे कॉइल स्प्रिंग असेल तर ती आर्म आणि चासी यांच्यामध्ये दाबून बसवलेली असते, आणि चाक हवेत लोंबत असतानाही दाबलेलीच राहते. म्हणजे गाडी स्टँडवर आहे, चाक काढलेलं आहे, सगळं शांत दिसतंय, आणि बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या टोकाचा चाकाकडचा गोलाकार सांधा, सुटताच आर्म खाली झटकतो. ५०० किलोच्या जोराने १० सेंटिमीटर दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जितकी ताकद साठते, तितकीच ५ किलोचा घण ५ मीटरवरून पडताना त्याच्यात येते. काही गाड्यांत कॉइलऐवजी पिळलेला लांब पोलादी दांडा असतो, टॉर्शन बार. तो नुसत्या सळईसारखा निरुपद्रवी दिसतो आणि म्हणूनच जास्त फसवतो. हे काम कॉइल दाबायचं अवजार असलेल्या मेकॅनिककडे द्या.

तपासणी मात्र घरी करता येते. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिन (चाक ज्या खिळीवर वळतं ती). दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा, खेळ गायब झाला तर दोष बेअरिंगचा. डावी-उजवीकडे खेळ असेल तर बहुतेक टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणारा सांधा. खालच्या आर्मवर स्प्रिंग असेल तर जॅक त्या आर्मखाली लावूनच तपासा, नाहीतर स्प्रिंग जॉइंटला घट्ट दाबून धरते आणि गेलेला जॉइंटही चांगला वाटतो.

टाय रॉड एंड घरी बदलता येतो, कारण त्याच्यावर गाडीचा भार नसतो. त्याचा दांडा निमुळता असतो आणि भोकात रुतून बसतो. नट ढिला करा आणि तो रुतलेल्या आर्मच्या बाजूवर घणाचे खणखणीत ठोके द्या, दांड्याच्या टोकावर नाही. भोक क्षणभर लंबगोल होतं आणि पकड सुटते. जुना काढताना किती फेरे फिरला ते मोजा, नवा तितकेच फेरे आत घाला. नट फिरू नये म्हणून घालायच्या स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळा, मागे कधीच नाही. मग सरळ अलाइनमेंटला जा; फेऱ्यांचा हिशोब फक्त तिथपर्यंत पोचवतो.

मागचं काम झाल्यावर दोरी घेऊन दोन्ही बाजूंचं पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. चाकं सरळ ठेवून मोजलं तर दोन्ही सारखं यायला हवं. फरक पडला तर सेंटर बोल्ट भोकात बसलेला नाही. १०० किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट परत आवळा, महिनाभराने परत. नव्या पाट्यांमधला रंग आणि खडबडीतपणा दबतो आणि नट आपोआप ढिले होतात. माझ्या गाडीचे नट पहिल्या १०० किलोमीटरनंतर पाव फेरा फिरले.

जुने पाटे भंगारात घालण्याआधी गावच्या लोहाराला विचारा. कोयत्याला असलं पोलाद त्याला आवडतं. माझ्या तुटलेल्या तिसऱ्या पाट्याचे दोन तुकडे मी नेले. एकाला केसासारखा तडा होता, तो तुकडा त्याने उन्हात धरून बघितला आणि बाजूला फेकला. दुसऱ्याचा कोयता झाला. सध्या तो टोमॅटोच्या मांडवाचे बांबू तासायला आहे.